सुकाणू नसलेली होडी

जलशर्यत म्हटली की आपल्या मनश्चक्षूंपुढे एखादा विस्तीर्ण जलाशय उभा राहतो. वाऱ्याने फुगलेली शिडे, किंवा केरळातील त्या सर्पाकृती नौका आणि एका तालावर पाण्यात पडणारी शंभरेक वल्ही. पाणी जितके अथांग तितकी शर्यत शोभिवंत, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ज्या खेळाविषयी आज मी चार शब्द लिहिणार आहे, त्यात मात्र सारा प्रकार उलटा आहे. तेथे पाणी जेमतेम कमरेइतके, जलमार्गाची रुंदी अवघी चार-पाच मीटर, आणि नौका मात्र रस्त्यावरील मोटारीला मागे टाकील अशा वेगाने धावणारी.

आमच्या नववीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याचा मामा न्यूझीलंडात असतो. त्याने धाडलेली एक चित्रफीत त्या मुलाने मधल्या सुट्टीत मला मोठ्या उत्साहाने दाखविली. हिरव्यागार कुरणात खणलेले नागमोडी चर, मध्येमध्ये मातीची लहान लहान बेटे, आणि त्या चरांतून पाण्याच्या भिंती उडवीत भिरभिरणारी एक चिमुकली बोट. मला प्रथमदर्शनी ते सारे केवळ थिल्लर वाटले. कर्कश आवाज, उडणारा चिखल, आणि मिनिटभरात संपणारी धावपळ! परंतु तो मुलगा म्हणाला, "बाई, बोटीत दोघे आहेत. दुसरा काय करतो ते बघा." मी पुन्हा पाहिले. चालकाच्या शेजारी बसलेली व्यक्ती कशालाही हात न लावता केवळ हाताने खुणा करीत होती. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा उजवीकडे. त्या हाताने माझे कुतूहल जागे केले, आणि पुढे कित्येक दिवस मी या खेळाची माहिती जमवीत राहिले.

या खेळाला जेट-स्प्रिंट म्हणतात. १९८०च्या दशकाच्या आरंभी तो न्यूझीलंडमध्ये सुरू झाला आणि पुढे ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथे पसरला. न्यूझीलंडमधील व्हांगानुई शहरानजीकचे उपोकोंगारो, किंवा अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात गव्हाच्या शेतांनी वेढलेले सेंट जॉन हे लहानसे गाव, अशा ठिकाणी त्याची मैदाने आहेत. 'मैदान' हा शब्द मी जाणूनबुजून वापरते, कारण मुळात ती जमीनच. तीत चर खणून पाणी सोडलेले असते. सुमारे चार मीटर लांबीची बोट, तिच्या पोटात मोटारीचे मोठे आठ नळकांड्यांचे इंजिन, आणि वर लोखंडी नळ्यांचा पिंजरा. बोट उलटली तर आतील दोघांची डोकी वाचावीत म्हणून हा पिंजरा. बोटी एकमेकींशी झुंजत नाहीत. एकेक बोट एकटी धावते आणि घड्याळाशी स्पर्धा करते. प्रत्येक फेरीनंतर मंद बोटी गळत जातात व शेवटी अतिवेगवान तेवढ्या उरतात. धावण्याचा मार्ग ठरवून दिलेला असतो. त्यात पंचवीस-तीस वळणे असतात, आणि एक वळण चुकले की ती फेरी बाद. सारा मार्ग साधारण मिनिटभरात संपतो. म्हणजे विद्यार्थिमित्रांनो, दर दोन सेकंदांस एक वळण! हे वाक्य वाचून होईतो दोन-तीन वळणे मागे पडलेली असतात.

इतक्या उथळ पाण्यात एवढा वेग कसा शक्य होतो, हा प्रश्न माझ्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधर बाईला पडावा यात नवल नाही. आपल्याकडील मच्छीमार होड्यांना मागच्या बाजूस पाण्यात बुडालेला पंखा असतो. तो पाणी कापतो, होडी पुढे जाते. पण सुकतीच्या वेळी, म्हणजे ओहोटीला, खाडीचे पाणी उतरले की तोच पंखा चिखलात रुततो नाहीतर खडकावर आपटतो. जेटबोटीला बाहेर पंखा नाही. बोटीच्या तळाला एक जाळीदार तोंड असते. तेथून पाणी आत ओढले जाते, आतील चक्र ते जोराने ढकलते, आणि मागील तोटीतून ते झोताच्या रूपाने बाहेर फेकले जाते. झोत मागे, तर बोट पुढे. न्यूटनचा तिसरा नियम आपण पाठ केलेला असतो, तोच हा. वेग आला की बोट पाण्याच्या पृष्ठावर उचलली जाते आणि मग तिला तरण्यास चार बोटे पाणीदेखील पुरते.

इथपर्यंत मला समजले होते. वळण्याचे मात्र समजत नव्हते. म्हणून मी आमच्या विज्ञानाच्या सरांना गाठले. त्यांनी तोंडाने काहीएक न सांगता मला शाळेच्या बागेत नेले, रबरी नळी जमिनीवर टाकली आणि नळ पूर्ण सोडला. नळी सर्पासारखी मागे मागे सरकत वळवळू लागली. तिचे तोंड काठीने किंचित फिरविले की सारी नळी दुसरीकडे झेप घेई. मग त्यांनी नळ बंद केला. नळी निपचित पडली. "आता फिरवा तोंड," सर म्हणाले. मी काठीने तोंड फिरविले. नळी जागची हलली नाही.

साऱ्या खेळाचे मर्म या एका प्रयोगात आहे. साध्या होडीला सुकाणू असते. इंजिन बंद पडले तरी होडी पुढे सरकत असेतो सुकाणू थोडेफार काम देते. जेटबोटीला सुकाणूच नाही. मागील तोटी डावी-उजवीकडे वळते, आणि झोत वळला की बोट वळते. झोत नाही तर वळणे नाही. आता कल्पना करा. समोर मातीचा काठ धावून येतो आहे. मनुष्याचा स्वाभाविक देहधर्म कोणता? पाय उचलावा, वेग कमी करावा. परंतु येथे चालकाने भिऊन पाय उचलला की झोत क्षीण होतो, आणि बोट वळण्याऐवजी सरळ त्या काठावर चढते. अशा बोटी काठ ओलांडून गवतावर जाऊन पडलेल्या मी त्या चित्रफितींत पुष्कळ पाहिल्या. काठ जवळ आला असता वेग राखून, प्रसंगी वाढवून, वळावे लागते. भय वाटू नये असा काही येथे नियम नाही. ते पायापर्यंत पोहोचू द्यायचे नाही, एवढेच.

ही बोट जन्माला आली ती शर्यतीसाठी नव्हे. तिचा जनक विल्यम हॅमिल्टन, लोकांच्या तोंडी बिल हॅमिल्टन, हा मेंढपाळीचा व्यवसाय करणारा शेतकरी. जन्म १८९९चा. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मॅकेन्झी नावाचा उंच, कोरडा, हिमशिखरांनी वेढलेला प्रदेश आहे. (ज्याच्यावरून हे नाव पडले तो जेम्स मॅकेन्झी एक मेंढीचोर होता. १८५५ साली हजार मेंढ्यांसह तो पकडला गेला. चोराचे नाव प्रदेशाला द्यावे आणि त्याच्या कुत्र्याच्या गोष्टी मुलांना सांगाव्यात, हा त्या लोकांचा दिलदारपणा!) त्या प्रदेशात आयरिशमन क्रीक नावाचे मेंढ्यांचे कुरण हॅमिल्टनने १९२१ साली विकत घेतले. हा गृहस्थ स्वस्थ बसणारा नव्हता. त्याने आपल्या जागेत पाण्यावर वीज निर्माण केली, माती उपसण्याची यंत्रे बनविली, आणि १९३० साली इंग्लंडला जाऊन ब्रूकलंड्स येथे मोटार-शर्यतींतही भाग घेतला.

त्याचे दुःख एकच होते. घराजवळच्या नद्यांतून त्याला होडीने वर जाता येत नव्हते. तेथील नद्या आपल्या मांडवी-झुवारीसारख्या नव्हेत. पर्वतांवरून वाहून आलेल्या गोट्यांचे भले रुंद पात्र असते, आणि त्यात पाणी शेकडो ओहोळांत फाटून, पुन्हा मिळून, पुन्हा फाटून वेणीसारखे गुंफत जाते. ओहोळ उथळ पण ओढ विलक्षण. शिवाय प्रत्येक पुरानंतर वेणी नव्याने घातली जाते. कालची वाट आज नसते. अशा पाण्यात पंख्याची होडी काय कामाची? १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात हॅमिल्टनने अमेरिकेतील एका पंपाच्या रचनेवरून बोट तयार केली. तीत पाण्याचा झोत बोटीच्या तळाखालून सुटत असे. बोट चालली, पण रखडत. मग त्याने ती तोटी मागील बाजूस, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर आणली. झोत पाण्यात न सुटता हवेत सुटू लागला, तळाखाली अडकणारे काही राहिले नाही, आणि बोट एकदम मोकळी झाली. केवढा लहान फेरफार! हॅमिल्टन स्वतः शोधाचे श्रेय घेत नसे. ते आर्किमिडीजचे, असे तो विनोदाने म्हणे. १९७४ साली त्याला 'सर' हा किताब मिळाला आणि १९७८ साली तो निवर्तला.

पुढे १९६० साली याच बोटींनी अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यन या प्रचंड घळईतून प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने प्रवास केला. त्यापूर्वी ती घळई कोणी होडीने चढून गेले नव्हते. हॅमिल्टनचा पुत्र जॉन त्या मोहिमेत चालक होता. हाच जॉन १९७७ साली आपल्या देशात आला. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी यांनी गंगेच्या मुखापासून हिमालयाकडे नदीमार्गानेच जाण्याचा संकल्प केला होता. तीन जेटबोटी होत्या आणि त्यांतील एकीचे नावच 'गंगा' होते. गंगासागराहून निघून, पाटणा, काशी, हरद्वार मागे टाकून, त्या बोटी अलकनंदेत शिरल्या आणि उसळत्या पाण्याशी झगडत नंदप्रयागाजवळपर्यंत पोहोचल्या. तेथे एका धबधब्याने वाट रोखली. झोत कितीही बलवान असला तरी उभ्या कड्यावर चढत नाही. पुढचा मार्ग मंडळींनी पायी आक्रमिला. इतिहासाच्या तासाला मी गंगेचा उल्लेख शेकडो वेळा केला असेल, पण मुखाकडून उगमाकडे असा तिचा विचार मी कधी केला नव्हता. आपण नदीला नेहमी उतरताना पाहतो. या माणसांनी ती चढून पाहिली.

आता पुन्हा त्या दुसऱ्या आसनाकडे वळते, कारण माझे मन खरे तेथेच गुंतले आहे.

शर्यतीत चालकाच्या शेजारी बसणाऱ्याला मी वाटाड्या म्हणेन. इंजिनाच्या गर्जनेत शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून तो हाताने बोलतो. स्पर्धेपूर्वी मार्गाचा नकाशा हाती येतो. बेटे तीच, चर तेच, परंतु कोणत्या बेटाला कोणत्या अंगाने वळसा घालायचा हे दर स्पर्धेला निराळे. एकच चौक तीन वेळा ओलांडायचा आणि तिन्ही वेळा निरनिराळ्या दिशेला वळायचे, असेही घडते. वाटाड्याला हे सारे मुखोद्गत हवे. धावत्या बोटीत कागद पाहण्यास सवड कोठली? आजकाल पाठांतराची निंदा करणे ही सुशिक्षितपणाची खूण होऊन बसली आहे. अर्थ न कळता केलेली घोकंपट्टी मलाही नको. पण विचार करण्यास अवकाशच नसतो अशी काही स्थळे जीवनात असतात, आणि तेथे पाठ केलेलेच हात धरते. पोहणे जसे बुडताना शिकता येत नाही, तसेच हे.

वाटाड्याच्या हाती काहीच नसते. ना चक्र, ना वेग. चालकाजवळ सारे बळ असते, पण पुढची वाट त्याच्यापाशी नसते. काठावर आपटली तर बोट दोघांसह आपटणार. आणि चालक त्या हाताकडे मान वळवून पाहतही नाही. डोळ्यांच्या कडेला जेवढे दिसेल तेवढ्यावर तो तीस वळणे घेतो. ही जोडी पुष्कळदा पतिपत्नीची असते, पितापुत्रीची असते, भावंडांची असते. हे वाचले तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही.

माझे बालपण मांडवीच्या एका फाट्याकाठी गेले. घरात कोकणी, शाळेत मराठी, आणि अंगणापलीकडे खाजन. बाबांचे एक लहानसे व्हडे होते. व्हडे म्हणजे एका लाकडाची अरुंद होडी. सुकतीला पोंयीचे पाणी, म्हणजे खाजनातल्या आतल्या ओढ्याचे, इतके आटे की बांबू रोवून होडी ढकलावी लागे. बाबा मागे उभे राहून बांबू मारीत आणि मला पुढे नाळेवर बसवीत. चिखलाचा उंचवटा कोठे, गाडलेला खुंट कोठे, हे मी बोटाने दाखवायचे. ओरडायचे नाही, कारण ओरडले की तळाची मासळी बिथरे. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. बाबा गावात फार कोणाचे ऐकणारे म्हणून प्रसिद्ध नव्हते. तथापि त्या ओढ्यात माझे बोट डावीकडे गेले की व्हडे डावीकडे जाई. "नक्की ना?" असे त्यांनी एकदाही विचारले नाही. आज त्यांची दृष्टी मंदावली आहे. संध्याकाळी बांधावरून फिरावयास निघाले की ते माझ्या कोपराला धरून चालतात. पायरी आली की मी कोपर किंचित उचलते. बोलावे लागत नाही.

असो. या खेळाविषयी मला सर्वस्वी प्रेमच वाटते असे मात्र कोणी समजू नये. मिनिटभराच्या धावेसाठी जळणारे इंधन आणि कान किटविणारा तो आवाज मला खटकतो. ज्या वेणीदार नद्यांनी ही बोट मागितली, त्याच नद्यांच्या गोट्यांत एक लहानसा राखी पक्षी घरटे करतो. त्याची चोच उजवीकडे वळलेली असते. चोच अशी बाजूला वाकलेला दुसरा पक्षी जगात नाही, आणि त्याची वीण दक्षिण बेटावरील या नद्यांवाचून अन्यत्र कोठेही होत नाही. त्याची अंडी गोट्यांत गोट्यासारखीच दिसतात. तेव्हा शर्यतीचे वीर नदी सोडून शेतात चर खणून खेळतात, ही गोष्ट मला त्यातल्या त्यात समाधानाची वाटते. नववीतल्या त्या मुलाने मला विचारले, "बाई, आपल्या खाजनात अशी शर्यत भरवली तर?" मी त्याला सरळ नको म्हटले. आपले बांध चिकणमातीचे, हातांनी लिंपलेले. अशा बोटीच्या लाटा दोन दिवस आदळल्या तर बांध फुटेल, खारे पाणी शेतात शिरेल, आणि मग मानशीची दारे उघडा-मिटायला तरी काय उरेल? हौसेने खणलेला चर निराळा आणि पिढ्यांनी राखलेला बांध निराळा.

मुलगा हिरमुसला. तेव्हा मी त्याला म्हटले की पाण्याशिवाय खेळून पाहू. शनिवारी खेळाच्या तासाला आम्ही मैदानावर फक्कीने चर आखले. बेटांच्या जागी दप्तरे ठेवली. बारा वळणांचा नकाशा फळ्यावर काढून पाच मिनिटांनी पुसून टाकला. दोघांची जोडी. पुढचा पळणारा, मागचा वाटाड्या. पुढच्याने नकाशा पाहायचा नाही. मागच्याने बोलायचे नाही, फक्त डाव्या किंवा उजव्या खांद्याला स्पर्श करायचा. रेघेवर पाय पडला की बाद.

पहिल्या चार जोड्या तिसऱ्या-चौथ्या वळणालाच बाद झाल्या. वर्गातील सर्वांत वेगवान धावपटू दुसऱ्याच वळणावर मागे वळून "कुठे? कुठे?" म्हणून ओरडला आणि सरळ एका दप्तरावर पडला. पुष्कळांना खांद्यावर हात पडूनही खात्री वाटेना. ती मुले अर्धा क्षण थबकत, आणि त्या अर्ध्या क्षणात मागचा त्यांच्यावर आदळे. अकरावी जोडी दोन मुलींची होती. एक जण वर्गात क्वचितच तोंड उघडणारी, पण पाठांतरात पक्की. दुसरी अवखळ, कधी नकाशावर नजर न ठरविणारी. अवखळ मुलगी पुढे झाली. अबोल मुलीने तिच्या खांद्यांवर दोन बोटे टेकविली, आणि त्या दोघी बारा वळणे अशा पार करून गेल्या की आम्ही घड्याळ पाहायचे विसरलो. वेळ नोंदली गेली नाही म्हणून त्यांना पुन्हा धावावे लागले. दुसऱ्या खेपेसही त्या कोठे अडखळल्या नाहीत.

त्यानंतर पाचवीपासूनच्या मुलांनी हट्ट धरला. वळणे वीस हवीत, असा नववीचा आग्रह आहे. खेळाच्या सरांचे म्हणणे असे की स्नेहसंमेलन होईतो मैदान खो-खोला लागेल. नकाशा काढण्याचे काम मात्र त्या अबोल मुलीने माझ्याकडून मागून घेतले आहे. तिने आणलेल्या पहिल्या नकाशात एकच चौक तीनदा ओलांडावा लागतो, आणि तिन्ही वेळा निराळ्या दिशेने.